कुस्कोची भिंत आणि साष्टीचे पुराण

२०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे यांची निवड झाली आणि पेरू हा दूरचा देश आमच्या धर्मग्रामातील घराघरांत एकाएकी बोलण्याचा विषय झाला. नूतन पोप काही वर्षे पेरूमधील चिकलायो धर्मप्रांताचे बिशप होते हे कळल्यावर मुलांनी नकाशे उघडले. त्याच सुमारास नोकरीनिमित्त तिकडे जाऊन आलेल्या आमच्याच एका तरुणाने अँडीज पर्वतातील कुस्को नगराची छायाचित्रे रविवारच्या उपासनेनंतर सभागृहात पडद्यावर दाखविली.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर वसलेले हे नगर म्हणजे इंका सम्राटांची राजधानी. १५३३ साली स्पॅनिश सैन्य तेथे शिरले. कोरिकांचा हे तेथील सूर्यमंदिर. त्याच्या भिंतींवर डोमिनिकन संघाचे चर्च आणि मठ उभा राहिला. विराकोचा सम्राटाच्या महालाच्या जागी कॅथीड्रल झाले आणि त्यासाठी साक्सायवामान या इंका गडाचे दगड उतरवून आणले गेले. वायना कापाकच्या महालाच्या जागी येशूसंघाचे चर्च आले. आर्चबिशपांच्या वाड्याची खालची भिंत इंका रोकाच्या महालाची आहे. तिच्यातला बारा कोनांचा दगड पाहायला जगभरचे प्रवासी येतात. या भिंतींत चुना नाही की माती नाही, तरी सांध्यात सुरीचे पाते शिरत नाही. २१ मे १९५० रोजी भूकंप झाला तेव्हा डोमिनिकन मठाचा बराच भाग कोसळला आणि त्याच्या बांधकामाआड गेलेल्या इंका भिंती उभ्याच्या उभ्या दिसू लागल्या.

सभागृह हळहळले. "देवळावर चर्च बांधलं? हे काही बरं केलं नाही हो, फादर," असे एक ज्येष्ठ सद्गृहस्थ मोठ्याने म्हणाले, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण मला आठवण झाली ती सहाच महिन्यांपूर्वीच्या एका दुपारची.

२०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शन सोहळ्यासाठी हीच मंडळी माझ्यासोबत जुन्या गोव्यात होती. से कॅथीड्रलमध्ये रांगेत उभे राहून दर्शन झाले, बॉम जेझूस बासिलिका झाली. मग संत कायेतान चर्चकडे जाताना वाटेत एक काळ्या दगडाची चौकट लागते. सहा पायऱ्या, दोन कोरीव खांब, वर तुळई, बाजूंना जाळीचे तुकडे. पलीकडे काहीच नाही, नुसते आकाश. आदिलशाही महालाचे हे प्रवेशद्वार. त्यावरचे काम हिंदू कारागिरीचे मानले जाते. पुढे तेथे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले, आणि १८२० मध्ये महालच पाडला गेला. तीन राजवटींची साक्ष देणारी ती चौकट ओलांडून आमचा जथा गप्पा मारीत पुढे गेला. मी थांबलो नाही आणि कोणाला थांबविलेही नाही. जेवणाची वेळ झाली होती, हे कारण खरे आहे. पण पुरेसे नाही.

कुस्कोत जे दुरून दिसले ते गोव्यात जवळून का दिसले नाही, हा या लेखाचा विषय आहे. आणि मी शिल्पशास्त्राचा जाणकार नसल्यामुळे तो दोन ग्रंथांच्या आधाराने मांडणार आहे.

एक गोष्ट आधी नोंदवितो. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत कुस्कोचा समावेश १९८३ साली झाला तो 'कुस्को नगर' म्हणून. गोव्याचा झाला १९८६ साली, तो 'गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट' या नावाने. एका ठिकाणी सारे नगर, खालच्या दगडासह. दुसऱ्या ठिकाणी फक्त वरचा मजला. यात कोणाचा दोष काढायचा नाही. कुस्कोत खालची भिंत शाबूत आहे, ती झाकणे शक्यच नव्हते. आपल्याकडे जांभा दगड. तो पावसात झिजतो, त्याला गिलावा लागतो, आणि एकदा गिलावा झाला की आत काय होते ते दिसत नाही. (बॉम जेझूसच्या दर्शनी भागातले काळे कोरीव दगड मात्र वसईहून नेलेले आहेत. वसईकर वाचकांनी पुढच्या वेळी त्यांना जरूर हात लावावा.) तेव्हा गोव्याची खालची भिंत शोधायची तर ती दगडात फारशी सापडणार नाही. ती सापडते भाषेत.

कुस्को पाहण्याचा योग मला आलेला नाही. पण सेमिनरीत असताना ग्रंथालयात एक जाडजूड ग्रंथ हाती आला होता : इंका गार्सिलासो दे ला वेगा याचे 'राजवृत्त', हॅरल्ड लिव्हरमोर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात. चर्चच्या इतिहासाच्या परीक्षेसाठी म्हणून उघडला आणि परीक्षा बाजूला राहिली. हा लेखक १५३९ मध्ये कुस्कोत जन्मला. बाप स्पॅनिश कॅप्टन, आई इंका राजकुळातली. विसाव्या-एकविसाव्या वर्षी, १५६० मध्ये, तो स्पेनला गेला आणि पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. ग्रंथ छापला गेला १६०९ मध्ये, लिस्बन येथे. म्हणजे ज्या बंदरातून गोव्याकडे जहाजे सुटत त्याच शहरात.

या ग्रंथाच्या सातव्या भागात तो आपल्याला कुस्कोतून हिंडवून आणतो. एकेक वस्ती घेतो आणि हा वाडा पूर्वी कोणत्या इंकाचा, वाटणीत तो कोणा स्पॅनिश सरदाराला गेला, हे नावानिशी सांगत जातो. प्रवासवर्णनाचा हा नमुना मला दुसरीकडे आढळला नाही. आपल्या प्रवासवर्णनांत लेखक परक्या गावी जातो आणि जे दिसते ते घरच्यांना सांगतो. येथे लेखक आपल्याच गावी जातो, पण पाय न हलवता, चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतरावरून. आणि सांगतो ते परक्यांना, त्यांच्याच भाषेत. घर दाखविताना 'हे कोणाचे होते' आणि 'हे कोणाचे झाले' ही दोन वाक्ये तो कधी तोडत नाही. त्याचा स्वर तक्रारीचा नाही. बापाचे घरही त्या यादीत आहे, मग तक्रार करणार कोणाकडे? निघण्यापूर्वी त्याला जुन्या सम्राटांची जतन केलेली शवे दाखविण्यात आली आणि त्याने वायना कापाकच्या बोटाला स्पर्श केला, ते लाकडासारखे कठीण लागले, हा प्रसंग तो दोन-चार वाक्यांत उरकतो. वाचक मात्र तेथे अडतो.

गार्सिलासोचे दोषही लहान नाहीत. आईच्या कुळाची बाजू मांडण्याच्या भरात त्याने इंकांना फार धुऊनपुसून घेतले आहे. सूर्योपासना ही सुवार्तेची पूर्वतयारीच होती असे तो दाखवू पाहतो. इंका नरबळी देत नसत असे त्याने ठामपणे लिहिले. पण १९९९ साली युयायाको या ज्वालामुखीच्या शिखरावर बळी दिलेल्या तीन मुलांचे गोठलेले देह सापडले आणि त्या विधानाचा आधार गेला. तेव्हा त्याचे पुस्तक इतिहास म्हणून जपूनच वाचावे लागते. पण ते पेरूच्या लोकांनी कसे वाचले हे १७८० च्या तुपाक अमारूच्या उठावानंतर कळले. सरकारने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. पराभूतांना त्यांच्या घरांची नावे आठवून देणे हे राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटले.

गार्सिलासो एप्रिल १६१६ मध्ये कोर्दोबा येथे वारला. त्याचे दफन तेथल्या कॅथीड्रलमधील एका चॅपेलमध्ये आहे. आणि ते कॅथीड्रल म्हणजे पूर्वीची भव्य मशीद. कुस्कोच्या माणसाला विश्रांती मिळाली तीही दुहेरी भिंतींच्या घरात.

त्याच १६१६ साली गोव्यातील साष्टी तालुक्यात, राशोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून झाले.

स्टीफन्स विल्टशरचे इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे बहुतांशी साष्टीतच राहिले. पुराणाचे दोन भाग : पहिल्यात ३६ अवस्वर, दुसऱ्यात ५९, एकूण ओव्या १०,९६२. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला आपण त्या म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हाही आमच्या वेदीवरून मी त्या म्हटल्या आणि टाळ्या पडल्या. एका परदेशी पाद्रीने आपल्या भाषेला रत्नाची आणि फुलाची उपमा द्यावी, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तक्रार इतकीच, की आपण तेथेच थांबतो. त्या ओव्यांच्या अवतीभवतीच एक प्रसंग आहे, आणि तो आपण सहसा वाचत नाही.

प्रसंग असा. रविवारी साष्टीतल्या चर्चमध्ये पाद्री ख्रिस्ती शिकवण सांगत आहेत. श्रोत्यांतला एक ब्राह्मण उठतो आणि विनवितो : मुलांना आपण जी शिकवण देता ती चांगलीच आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे पुराण का करून देत नाही? या विनवणीतून ख्रिस्तपुराण जन्माला येते.

हाच या ग्रंथातला बारा कोनांचा दगड. तो ओळखायचा तर साष्टीचा इतिहास जवळ ठेवावा लागतो, आणि तो सुखाचा नाही. १५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या कप्तानाने साष्टीतली मंदिरे पाडली, जाळली. त्यांचा आकडा २८० च्या आसपास सांगितला जातो. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आपापल्या भक्तांसह नदीपलीकडे अंत्रुज महालात गेली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार सहकारी, तसेच त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती जन मारले गेले. त्या संघबंधूंचे मृतदेह परत आणण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते फादर स्टीफन्सच. १८९३ मध्ये ते पाच जण धन्यवादित म्हणून घोषित झाले. त्यांची नावे आपण जाणतो. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी आसोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, हे मात्र आपल्या प्रवचनांत येत नाही. मी स्वतः सेमिनरीत पहिला भाग शिकलो आणि दुसरा बाहेर वाचला.

हे सारे डोळ्यांसमोर ठेवून त्या ब्राह्मणाची विनवणी पुन्हा वाचावी. जो माणूस उभा आहे त्याच्या गावचे देऊळ त्याच्या बापाच्या हयातीत गेले आहे. पुस्तके गेली आहेत. तो भांडत नाही. श्रद्धेने चर्चमध्ये आला आहे आणि एक पुस्तक मागतो आहे. येथे समीक्षकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गार्सिलासो स्वतःच्या तोंडाने बोलतो. साष्टीच्या या ब्राह्मणाला बोलते करणारे पाद्रीच आहेत. त्याचा खरा आवाज आपल्यापर्यंत पोचलेला नाही. असे असूनही स्टीफन्स यांनी बंद केलेल्या पुराणांचा उल्लेख गाळला नाही. ग्रंथाला परवानगी देणारे अधिकारी तो वाचणार, हे माहीत असताना ठेवला. भाषेच्या स्तुतीपेक्षा मला त्यांचा हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो.

पुढची कथा पवित्र शास्त्राची आहे. साष्टी तिच्यात डोकावते ती श्रोत्यांच्या शंकांतून. पण बांधणी पाहा. आरंभी नमन, मग श्रोता-वक्ता संवाद, ओवीचे तीन सयमक चरण आणि आखूड चौथा : खालची भिंत जशीच्या तशी आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला स्टीफन्स कचरत नाहीत. मूर्तिपूजेविषयी कठोर ओव्या याच ग्रंथात आहेत, हेही लपवायचे कारण नाही. वैकुंठ हा शब्द घ्यायचा आणि वैकुंठनाथाला नाकारायचे, असा तो व्यवहार आहे. माझ्या मते काव्य म्हणून ग्रंथ जेथे सिद्धांत उलगडत बसतो तेथे ओवी जड होते, रेंगाळते. आणि जेथे तो कथा सांगतो, विशेषतः दुसऱ्या पुराणातल्या प्रभूच्या दुःखसहनाच्या भागात, तेथे ती आपल्या मूळच्या चालीने चालू लागते. कुस्कोतल्या भूकंपाची उपमा येथे फार ताणू नये, पण ती सुचते खरी.

आमच्या लोकांचे वाचन वरच्या मजल्याचे. बाहेरच्या काही लोकांचे वाचन याच्या नेमके उलट : ख्रिस्तपुराण म्हणजे धर्मांतराचे हत्यार, ओवी म्हणजे नुसता गळ. त्यांना खालची भिंत दिसते, पण तिच्यावर चारशे वर्षे माणसे राहत आली आहेत, प्रार्थना करीत आली आहेत, हे दिसत नाही. फातर्पे येथे गेलेली कुंकळ्ळीची देवी वर्षातून एकदा छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते तेव्हा त्या गावच्या ख्रिस्ती कुळांचाही तिच्यात भाग असतो. दोन्ही बाजूंच्या टीकाकारांनी एकदा ती मिरवणूक पाहून यावी.

हा लेख मी एका विचारी मित्राला दाखविला तेव्हा तो म्हणाला, "फादर, सध्याचे दिवस पाहता हे लिहून आपण कोणाच्या तरी हाती कोलीत देत नाही ना?" ही भीती खोटी नाही. अल्पसंख्य समाजाला आपल्या घरातले दुःख चारचौघांत मांडणे नेहमीच जड जाते. पण १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांच्या हातून घडलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली. ९ जुलै २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात, म्हणजे याच अँडीज देशांत, अमेरिकेच्या मूळ निवासींविरुद्ध झालेल्या अपराधांसाठी क्षमा मागितली. त्यांनी ज्याचा संकोच केला नाही त्याचा पुण्यातल्या एका धर्मगुरूने का करावा? कुस्कोसाठी आम्ही सहज हळहळलो, कारण तेथे आमचे देणे काही नव्हते.

आणखी एक अडचण आहे, आणि ती आमच्या धर्मग्रामापुरती जास्त खरी आहे. आमची बरीच कुटुंबे नगर आणि जालना भागातली. त्यांच्या आज्या-पणज्यांना पुराण वाचायला बंदी घालायला कोणी पाद्री यावा लागला नव्हता. ती आधीपासूनच होती. मग साष्टीच्या ब्राह्मणाची विनवणी त्यांची कशी? मला वाटते, येथे ग्रंथच थोडी वाट दाखवितो. सामान्य जनांना कळावे म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून सोपे घेतले, असे स्टीफन्स प्रस्तावनेत सांगतात. त्या चर्चमध्ये ब्राह्मणाच्या मागे बसलेले, न उठलेले लोक त्यांच्या मनात होते. आणि ओवी काही पोथीचीच नाही. जात्यापाशी तिचे दुसरे घर आहे, आणि तेथे कोणाला मज्जाव नव्हता.

छपाईची गोष्टही याच संदर्भात लक्षात ठेवावी. १६०८ मध्ये आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथल्या लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा व्यक्त केली होती. अडचण अशी की तिच्यासाठी सहाशेच्या आसपास मातृका लागत. ते जमले नाही. पुराण रोमन लिपीत छापले गेले, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले, तेही रोमनमध्येच. देवनागरीत ते समग्र आणले शांताराम बंडेलू यांनी, १९५६ साली. आणि प्रकाशित केले पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने. म्हणजे स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली, आणि ती आपल्या शहरात पुरी झाली. पुण्यातल्या किती कॅथोलिक घरांत ही प्रत आहे, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही. आमच्या ग्रंथालयातली प्रत पुठ्ठा सुटलेली आहे, पण पाने पूर्ण आहेत.

छायाचित्रांच्या त्या रविवारनंतर, पुढच्याच आठवड्यात, आम्ही दहा-बारा जण ती प्रत घेऊन बसलो. पहिल्या अवस्वरापासून सुरुवात केली. नगरकडच्या एका मावशींनी काही ओव्या जात्याच्या चालीवर म्हणून पाहिल्या. तीन चरण नीट बसले, चौथा आखूड पडला, तेव्हा त्यांनी शेवटी एक "गं माय" जोडून तो भरून काढला. मी हसलो, चूक दाखवावी असे वाटले नाही. मग ब्राह्मणाच्या विनवणीपाशी आलो. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "फादर, आधीची पुराणं बंद कोणी केली होती?"

त्या संध्याकाळी पुढची ओवी वाचायची राहून गेली.